मिरजेचे डॉक्टर वानलेस : रुग्णसेवा आणि सेवकांची घडण



चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. वाटेवर लुटल्या गेलेल्या मनुष्याच्या जखमांस त्याने तेल व द्राक्षारस लावला, त्या बांधल्या, आणि त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, हे आपण वारंवार ऐकतो. परंतु त्या दृष्टांताच्या शेवटी आणखी एक मनुष्य आहे व त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. जखमी मनुष्य मात्र रखवालदाराच्या हाती राहिला. रात्री त्यास ताप चढला तर उठून पाणी कोण देणार, जखमेची पट्टी कोण बदलणार, तो आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत त्याचा भार कोण वाहणार? शोमरोन्याचे उपकार तडीस जाणे किंवा वाया जाणे हे पुढे त्या रखवालदारावरच अवलंबून होते.

मिरजेच्या मिशन दवाखान्याचे संस्थापक डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस यांचे नाव कोल्हापूर, सांगली व बेळगाव या प्रांतांत आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ती आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकली होती. परंतु त्या कुशल हाताइतकेच, किंबहुना त्याहून टिकाऊ असे त्यांचे आणखी एक कार्य होते. त्यांनी रखवालदार तयार केले. ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष उपयोगाची असल्यामुळे तिलाच धरून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

जन्म व शिक्षण

वानलेस यांचा जन्म 1 मे 1865 रोजी कॅनडा देशातील ऑन्टेरिओ प्रांतात चार्ल्सटन नावाच्या खेड्यात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात घेतले व 1889 साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी मेरी मार्शल या बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हे दांपत्य हिंदुस्थानात आले. तेव्हा वानलेस अवघे 24 वर्षांचे होते.

ते ज्या काळात शिकले तो काळ वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मोठ्या भाग्याचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी रोग्यास दाबून धरणे आणि डॉक्टराने शक्य तितक्या घाईने सुरी चालविणे, असा प्रकार होता. 1846 साली अमेरिकेत बोस्टन शहरी ईथरची आणि 1847 साली स्कॉटलंडात एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मची भूल देऊन रोग्याच्या वेदना थांबविता येऊ लागल्या. तथापि वेदना गेल्या तरी मृत्यू गेला नाही. शस्त्रक्रिया उत्तम होई आणि आठवडाभरात जखमेत पू होऊन रोगी दगावे. याचे कारण कोणास उमगत नव्हते. व्हिएन्ना येथील सेमेलवाइस या डॉक्टरांनी 1847 सालीच दाखवून दिले होते की, शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी औषधी पाण्याने हात स्वच्छ धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. परंतु आपल्याच हातांनी रोगी मरतात हे ऐकणे अनेक विद्वान डॉक्टरांस सहन झाले नाही, आणि त्यांच्या म्हणण्याची दीर्घकाळ उपेक्षा झाली. पुढे 1867 साली लिस्टर या इंग्लिश शस्त्रवैद्याने कार्बोलिक ॲसिडने जखम, हत्यारे व हात शुद्ध ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली, आणि मग हळूहळू जगाचे डोळे उघडले.

याच सुमारास तिसरी एक गोष्ट घडून आली. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी लष्करी इस्पितळांतील घाण, उपासमार व अव्यवस्था यांशी झुंज घेतली, आणि 1860 साली लंडन येथे परिचारिकांची शाळा काढली. रोग्याची शुश्रूषा हे कोणाही अडाणी मोलकरणीचे काम नसून ती शिकावयाची विद्या आहे, ही गोष्ट तेव्हापासून जगास मान्य होऊ लागली.

भूल, शुद्धता आणि शिकलेली परिचारिका ही तीन दाने तरुण वानलेस आपल्या शिक्षणातून घेऊन आले. त्यांपैकी पहिली दोन पेटीत भरून आणता येत होती. तिसरी आणता येत नव्हती. ती येथेच, आपल्या लोकांतून, निर्माण करावयाची होती.

सांगली व मिरज

कोल्हापूरच्या मिशनची स्थापना 1852 साली रेव्हरंड वाइल्डर यांनी केली होती. त्या मिशनच्या क्षेत्रातच वानलेस यांनी प्रथम सांगली येथे दवाखाना सुरू केला. पुढे 1892 च्या सुमारास त्यांनी आपले ठाणे मिरजेस हलविले. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे गाव. पुण्याहून बेळगावकडे जाणारी आगगाडी मिरजेवरून जात असे, आणि 1891 साली मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतची गाडीही सुरू झाली होती. म्हणजे चारही दिशांच्या रोग्यांस बैलगाडीतून कसेबसे स्टेशन गाठले की मिरज जवळ झाली. पुढे दूरदूरचे लोक या दवाखान्यात येऊ लागले, त्यात या रेल्वेचा वाटा थोडा नव्हता.

त्या काळी आपल्या खेड्यांतून आजाऱ्यांची काय दशा होती? वैद्य व हकीम होते आणि त्यांतील जाणत्यांस वनस्पतींचे चांगले ज्ञान होते. कोल्हापूर दरबारने बांधलेले आल्बर्ट एडवर्ड इस्पितळही होते. तेच आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु खेड्यातील गरिबास एवढे दूर जाणे कठीण, आणि गेल्यास तेथून जिवंत परत येऊ अशी खात्री वाटणे त्याहून कठीण. अडलेली बाळंतीण सुइणीच्या हाती राही; जगली तर देवाची कृपा, न जगली तर तिचे नशीब. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यास गावोगाव फिरणारे लोक डोळ्यात सुई खुपसून दृष्टी देत. ते पिकलेले भिंग डोळ्याच्या आत ढकलून देत, त्यामुळे त्यास तत्काळ दिसू लागे. मोबदला घेऊन तो फिरस्ता पुढच्या गावी जाई, आणि पुष्कळदा काही दिवसांनी डोळा सुजून, पिकून कायमचा जाई. उपचार करणारा निघून गेल्यावर मागे काय झाले हे पाहण्यास कोणी नसे. दृष्टांतातील जखमी मनुष्य होता, त्याच्यापुढे कोणीतरी थांबतही होते. उतारशाळा मात्र नव्हती.

1894 साली मिरजेस इस्पितळाची इमारत उभी राहिली. याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. दीनदुबळ्यांच्या उद्धाराची दोन मोठी कार्ये या एका मुलखात एकाच वर्षी सुरू झाली, ही नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

एका हाताने टाळी वाजत नाही

इस्पितळ उभे राहिले, डॉक्टरांचा हात कुशल होता, रोग्यांची रीघ लागली. आता आणखी काय हवे, असे कोणासही वाटेल. परंतु खरी अडचण येथूनच सुरू झाली.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया घ्या. सुरीचे काम थोड्याच मिनिटांचे. परंतु त्या आधी हत्यारे उकळून शुद्ध करणारा मनुष्य विश्वासू हवा; कारण त्याने आळसाने पाणी पुरते उकळू दिले नाही तर त्याचे फळ रोगी भोगतो, आणि चूक कोणाची हे कोणास कळतही नाही. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रोग्यास डोळे बांधून कित्येक दिवस उताणे, डोके न हलविता पडून राहावे लागे. उन्हातान्हात राबलेला शेतकरी असा निश्चल कसा राहणार? तो कूस बदलतो, खोकतो, अंधारात घाबरून उठून बसतो. आणि एका झटक्यात शस्त्रवैद्याचे सारे कौशल्य व्यर्थ जाते. त्यास धीर देणारा, भरविणारा, त्याच्या घरच्यांस समजावणारा कोणी रात्रंदिवस खाटेजवळ हवा.

मोठी शस्त्रक्रिया असेल तर आणखीच. एकाने क्लोरोफॉर्म थेंब थेंब टाकीत रोग्याचा श्वास व नाडी यांवर लक्ष ठेवावयाचे. थेंब अधिक पडला तर रोगी उठत नाही, कमी पडला तर तो टेबलावर तडफडतो. दुसऱ्याने हत्यार पुढे करावयाचे, तिसऱ्याने रक्त टिपावयाचे. यांतील एकाचाही हात अशुद्ध असला किंवा मन दुसरीकडे असले तर शस्त्रवैद्य कितीही निष्णात असो, त्याचा उपाय चालत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याचा वानलेस यांचा परिपाठ होता. त्या प्रार्थनेत टेबलाभोवती उभे असलेले सारेच सामील असत, आणि त्या रोग्याच्या जिवाची जबाबदारीही साऱ्यांचीच असे.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, जसजशी डॉक्टरांची कीर्ती वाढली तसतसा धोकाही वाढला. रोगी दुप्पट झाले आणि शिकलेले हात तितकेच राहिले तर प्रत्येक रोग्याच्या वाट्यास अर्धीच सेवा येते. उरलेला अर्धा भाग दमलेल्या सेवकांच्या अंगावर पडतो. आणि दमलेला मनुष्य चुका करतो. बाहेरून पाहणाऱ्यास गर्दी म्हणजे यश दिसते. आत काम करणाऱ्यास ठाऊक असते की गर्दीतच दर्जा बुडतो.

वैद्यकीय शाळा

या अडचणीवर वानलेस यांनी शोधलेला उपाय असा की, शिकवावे. 1897 साली त्यांनी मिरजेस वैद्यकीय शाळा सुरू केली. मिशनांनी हिंदुस्थानात काढलेल्या अगदी आरंभीच्या वैद्यकीय शाळांपैकी ती एक होय. पंजाबात लुधियाना येथे 1894 साली एडिथ ब्राउन बाईंनी स्त्रियांसाठी अशी शाळा काढली होती, आणि दक्षिणेत वेल्लोर येथे आयडा स्कडर बाईंची शाळा पुढे 1918 साली निघाली. मिरजेची शाळा पदवी देणारे महाविद्यालय नव्हती. दवाखान्यात डॉक्टरांस साह्य करतील आणि वेळप्रसंगी खेड्यात स्वतःच्या बळावर उपचार करतील असे तरुण तयार करणे हा तिचा हेतू होता. ज्या मनुष्यापुढे रोज शस्त्रक्रियेसाठी रांग लागलेली आहे, त्याने त्यातून वेळ काढून मुलांस शरीररचना व औषधे शिकवीत बसणे, हा त्या दिवसापुरता तोट्याचा व्यवहार होता. त्या वेळात आणखी काही रोगी तपासून झाले असते. परंतु दहा वर्षांचा हिशेब धरला तर हाच व्यवहार सर्वांत फायद्याचा ठरतो, हे त्यांनी ओळखले.

ही शाळा निघाली तो काळही ध्यानात घ्यावा. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला व पुढे तो दख्खनभर पसरला. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु लोकांस रोगाइतकीच भीती इस्पितळाची वाटे. पुण्यात घरोघर शिरून झडत्या घेण्यात आल्या, रोग्यांस बळाने नेण्यात आले. लोकांचा संताप भडकला आणि जून 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. औषध आहे, इमारत आहे, हुकूमही आहे. परंतु रोग्याचा विश्वास नाही, तर ती सारी सामग्री निष्फळ होते, हा धडा त्या वर्षाने सर्वांस दिला. तो विश्वास कोण मिळविणार? परकी भाषा बोलणारा साहेब एकटा तो मिळवू शकत नाही. रोग्याच्याच बोलीत त्याची विचारपूस करणारा, त्याच्या घरची चालरीत जाणणारा, त्याच मातीतला सेवक तो मिळवितो. म्हणून मिरजेच्या शाळेचे महत्त्व औषधोपचारापुरते नव्हते. प्रत्येक शिकलेला तरुण म्हणजे इस्पितळ आणि गाव यांच्यामधील एक पूल होता.

आपल्या लेकी

याहून अवघड काम परिचारिकांचे होते. परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे, जखमा धुणे, मलमूत्र उचलणे ही कामे आपल्या समाजात हलकी मानली जात. शिवाय त्यात विटाळाची कल्पना. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतून मुली या कामास येणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी महाराष्ट्रातील मिशन इस्पितळांत जो पहिला परिचारिकावर्ग तयार झाला, त्यात ख्रिस्ती मंडळ्यांतील मुलींचा भरणा मोठा होता. त्यांत खेड्यांतल्या होत्या, अनाथ होत्या, तरुणपणी विधवा झालेल्याही होत्या. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्यांत अशी एखादी आजी किंवा आत्या होऊन गेली असेल. पांढरे लुगडे नेसून रात्रपाळीस जाणाऱ्या या स्त्रियांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. परंतु ज्या रोग्यांच्या उशाशी त्या बसल्या त्यांच्या पुढच्या पिढ्या आज आपल्या गावांतून नांदत आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सेवेचा दर्जा वाढवावयाचा म्हणजे सेवकांकडून अधिक काम काढावयाचे, असा अर्थ नव्हे. नाइटिंगेल बाईंच्या शाळेतही विद्यार्थिनींच्या राहण्याची, जेवणाची व विश्रांतीची व्यवस्था हा शिक्षणाचाच भाग होता. जिला निजावयास नीट जागा नाही, जिच्याशी कोणी आदराने बोलत नाही, तिच्या हातून रोग्यास आदर कोठून मिळणार? विहिरीतच पाणी नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण इस्पितळास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

घरावर घाला

सेवकांस या कामाची किती किंमत द्यावी लागते हे वानलेस यांस दुरून पाहावे लागले नाही. ज्या मेरीबाई लग्न होताच समुद्र ओलांडून त्यांच्याबरोबर आल्या, आणि ज्यांनी सांगलीपासून मिरजेपर्यंतच्या कष्टाच्या वर्षांत त्यांस साथ दिली, त्या 1906 साली निवर्तल्या. कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालयाच्या रूपाने त्यांचे नाव आपल्या ओठी राहिले आहे. औषध घ्यावयास जाणाऱ्या कित्येकांस ते नाव कोणाचे हे माहीत नसते, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

ज्याने हजारो परक्यांस मृत्यूच्या दारातून परत आणले त्यास आपल्या घरातील मनुष्य राखता येऊ नये, यासारखे दुःख नाही. अशा प्रसंगी पुष्कळजण स्वदेशी परत जातात, आणि त्यांस कोणी दोष देत नाही. वानलेस राहिले. पुढे त्यांनी लिलियन या बाईंशी विवाह केला. त्यांनीही अखेरपर्यंत त्यांस साथ दिली आणि 1944 साली इंग्रजीत पतीचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. आज आपणांस जी माहिती मिळते तिच्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

ज्यांस कोणी जवळ करीत नव्हते

1900 साली मिरजेस महारोग्यांसाठी निराळी संस्था उघडण्यात आली. महारोगाचे जंतू हान्सेन यांनी 1873 सालीच शोधले होते. परंतु रोग खात्रीने बरा करणारे औषध तेव्हा नव्हते. चालमोगरा तेलाचा उपयोग करीत, तोही पुष्कळदा निष्फळ होई. म्हणजे येथे शस्त्रवैद्यास कीर्ती मिळण्याचा संभवच नव्हता. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, अन्न व निवारा देणे, आणि मनुष्याशी मनुष्याप्रमाणे बोलणे एवढेच करण्याजोगे होते. जेथे बरे करता येत नाही तेथेही सेवेचा दर्जा असतोच, ही गोष्ट त्या संस्थेने दाखविली. आज महारोग औषधांनी पूर्ण बरा होतो. अनेक औषधांची एकत्र उपचारपद्धती 1980 नंतरच्या काळात सर्वत्र सुरू झाली. तरीही गावात रोग बरा झालेल्या मनुष्यास पंगतीत दूर बसविणारे लोक आढळतात. त्यांच्या रोगावर औषध कोणते, हा प्रश्न उरतोच.

1920 साली क्षयरोग्यांसाठी सांगली व मिरज यांच्यामध्ये मोकळ्या माळावर आरोग्यधाम निघाले. कॉख यांनी 1882 साली क्षयाचे जंतू दाखवून दिले होते, परंतु स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडण्यास 1943 साल उजाडावे लागले. तोपर्यंत मोकळी हवा, विश्रांती व पौष्टिक आहार हाच उपचार होता. क्षयरोगी इतर रोग्यांत मिसळून ठेवल्यास रोग दुसऱ्या रोग्यांस लागतो, आणि दिवसरात्र खोकल्याजवळ वावरणाऱ्या परिचारिकांसही लागतो. म्हणून निराळे आरोग्यधाम ही रोग्याची सोय होती तसेच सेवकांचे रक्षणही होते. त्या माळावर पुढे जी वस्ती झाली तिला वानलेसवाडी म्हणतात. परदेशातून आलेल्या मनुष्याच्या नावापुढे आपल्या लोकांनी वाडी हा शब्द लावावा, याहून मोठा मान कोणता?

हिशेब ठेवणे

सेवेचा दर्जा राखावयाचा तर तो मोजलाही पाहिजे. या बाबतीत त्या काळी जगात एक विलक्षण गोष्ट घडली. 1913 साली अमेरिकेत शस्त्रवैद्यांची एक संस्था स्थापन झाली. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स असे तिचे नाव, आणि वानलेस हे तिचे फेलो होते. या संस्थेने इस्पितळांसाठी किमान नियम ठरविले. प्रत्येक रोग्याची लेखी नोंद ठेवावी. डॉक्टरांनी ठराविक मुदतीने एकत्र बसून कोणते रोगी बरे झाले, कोणते दगावले व का, याचा विचार करावा. तपासणीसाठी प्रयोगशाळा व क्ष-किरण यंत्र असावे. आणि काम करणारे लोक शिकलेले व सचोटीचे असावेत. मग 100 अथवा अधिक खाटांच्या 692 इस्पितळांची पाहणी झाली. 1919 साली निकाल पाहतात तो केवळ 89 इस्पितळे या साध्या नियमांस उतरली होती. त्यांत न बसणाऱ्यांत मोठमोठी नामांकित इस्पितळे असल्यामुळे त्या संस्थेच्या चालकांनी नावांची यादी जाळून टाकली, असे सांगतात. परंतु नियम जाळले नाहीत. पुढील वर्षांत ते पाळणाऱ्या इस्पितळांची संख्या सारखी वाढत गेली.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. धनसंपन्न देशातही केवळ पैशाने व इमारतीने दर्जा येत नाही. आणि चूक लिहून ठेवण्यास जो भितो तो ती पुन्हा करतो. हिंदुस्थानातील मिशन डॉक्टरांचा संघ 1905 साली स्थापन झाला व 1926 साली त्यास ख्रिस्ती वैद्यकीय संघ हे नाव मिळाले. या संघाच्या अध्यक्षपदाचे कामही वानलेस यांनी पाहिले. एका इस्पितळात जे साधले ते इतरांस कळावे, आणि एकाची चूक दुसऱ्याने टाळावी, हा अशा संघांचा मोठा उपयोग असतो.

निरोप व शेवट

1928 साली ब्रिटिश सरकारने त्यांस सर हा किताब दिला. त्याच वर्षी सुमारे 39 वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी हा देश सोडला. त्यांच्या मागे डॉक्टर चार्ल्स वेल यांनी इस्पितळाची धुरा घेतली. वेल हे कित्येक वर्षे त्यांच्याबरोबर काम करून तयार झाले होते, म्हणून मुख्य मनुष्य गेला तरी दवाखान्याचे दार एक दिवसही बंद पडण्याचे कारण उरले नाही. 1932 साली वानलेस यांचे हिंदुस्थानातील अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि 3 मार्च 1933 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील ग्लेंडेल येथे ते वयाच्या 67 व्या वर्षी मरण पावले. ज्या मिरजेस एके काळी एक लहानशी वैद्यकीय शाळा निघाली होती, त्याच मिरजेत 1962 साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पेरणाऱ्याने पाहिले नाही ते पीक पुढच्यांनी पाहिले.

आपण काय करावे?

आता हे चरित्र वाचून शेजारच्या गावातील उपदेशक बंधू विचारतील की, आम्ही डॉक्टर नाही, परिचारिका नाही. आमचा यात संबंध कोणता?

संबंध पुष्कळ आहे. रोगी गावातून निघतो आणि गावातच परत येतो. इस्पितळ हा मधला मुक्काम होय. तो वेळेवर निघाला की अंगारे-धुपाऱ्यांत महिना घालवून निघाला, हे बहुधा आपण दिलेल्या सल्ल्यावर ठरते. तो परत आल्यावर ठरल्या दिवशी पुन्हा दाखवावयास गेला की नाही, क्षयाची औषधे बरे वाटताच मध्येच सोडली की नाही, हे पाहण्यास डॉक्टर आपल्या गल्लीत येत नाही. तेथे आपण आहोत. रोग्याच्या खाटेभोवती दहा नातलगांनी गर्दी करू नये, जमिनीवर थुंकू नये, परिचारिकेवर आवाज चढवू नये, एवढे शिकविणे हेही सेवेचा दर्जा वाढविण्याचेच काम आहे. ज्या घरची लेक किंवा सून रात्रपाळीची नोकरी करते त्या घराने दिवसा तिला चार तास निवांत झोपू द्यावे. चुलीपाशी तिची वाट पाहू नये. तिची झोप कोणा अनोळखी रोग्याचा जीव वाचवीत असते. इस्पितळात आपणांस वाईट वागणूक मिळाली तर ती मुकाट्याने गिळू नये, आणि भांडणही मांडू नये. काय झाले ते तारखेसह लिहून वरिष्ठांस कळवावे, म्हणजे पुढच्या रोग्याचे कल्याण होईल. चांगली वागणूक मिळाली तर तीही अवश्य कळवावी. ते करण्यास मात्र आपण नेहमी विसरतो.

वानलेस यांस ज्याने दृष्टी मागितली त्यास त्यांनी दृष्टी दिली, आणि त्याखेरीज त्याचे डोळे बांधलेले असताना रात्री जागणारे हात निर्माण केले. शस्त्रवैद्य होण्याचे दान थोड्यांस मिळते. उतारशाळेचा रखवालदार होण्याचे काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारी केव्हा ना केव्हा येते. त्या रात्री दिवा लावून दार उघडावे, आणि जखमी मनुष्यास आत घ्यावे.